उजव्या पंखातील अडतीस रिव्हेटांबाबत

माझ्या दिवंगत पत्नीस,

शस्त्रक्रियागृहाची निवृत्त मुख्य परिचारिका, एका मुलीची आई, दोन आसनी धातूच्या विमानाची सहनिर्माती आणि बेचाळीस वर्षे प्रत्येक सरकारी अर्जावर जिचे नाव माझ्या नावाखाली लिहिले गेले, अशा तुला उद्देशून मी हा दस्त लिहीत आहे. मृत्युपत्र मृत व्यक्तीला उद्देशून लिहिता येत नाही, अशी हरकत वकिलांनी घेतली. तशी मनाई कायद्यात कोठे आहे, असे मी विचारले. त्यांनी दोन पुस्तके चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मनाई नाही. आजवर कुणाला सुचलं नसेल, एवढंच." सबब हा मजकूर तुला उद्देशून आहे, अंमलबजावणी मात्र हयात असलेल्यांनी करावी.

वाचणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून आधीच नमूद करतो: घर, ठेवी आणि हत्यारे यांबाबत कोणताही वाद नाही. वाद एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे आपले विमान उडावे की न उडावे. तो कलम आठपासून पुढे आहे.

कलम एक. मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे निरीक्षक या पदावरून सेवानिवृत्त, असे लिहून ठेवतो की माझे मन स्थिर व स्मरणशक्ती शाबूत आहे आणि हा दस्त मी कोणाच्याही धाकाशिवाय, दडपणाशिवाय वा आग्रहाशिवाय करीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात ‘झोप व्यवस्थित’ असे शब्द आहेत. ते माझ्या सांगण्यावरून लिहिले गेले असून वस्तुस्थितीशी जुळत नाहीत. दाखल्यातील बाकी मजकूर बरोबर आहे.

आपण दोघांनी पूर्वी केलेली मृत्युपत्रे एकमेकांच्या नावे होती. त्या व्यवस्थेतील एक पक्ष आता उपलब्ध नसल्याने ती रद्द समजावीत.

कलम दोन. पहिल्या मजल्यावरील तीन खोल्यांचे राहते घर, आतील सामानासह, माझ्या पश्चात आपल्या मुलीकडे जावे. मागच्या खोलीच्या भिंतीवर चारी बाजूंनी एक आडवी निळी रेघ आहे आणि छताला चार लोखंडी कड्या आहेत. रेघ समपातळीची खूण म्हणून मी स्वतः पाणनळी लावून आखलेली असून तिच्यात केसभराचाही फरक नाही. मुलीला रंग द्यायचा असल्यास ती पुसण्यास माझी हरकत नाही. कड्या काढताना मात्र छत फुटेल. त्या तशाच ठेवाव्यात.

या खोलीचे काय झाले, ते घरात पुढे राहणाऱ्याला कळावे म्हणून लिहितो. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तू चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "अहो, आपण विमान बांधू या." तुझ्या हातात माहितीपत्रक होते. सुट्या भागांचे संच टप्प्याटप्प्याने पेटीतून येतात आणि नकाशे वाचता येणारी कोणतीही दोन माणसे ते जोडू शकतात, असे त्यात म्हटले होते. मी विचारले, ते ठेवणार कोठे. तू म्हणालीस, "आधी शेपटी येते. शेपटीपुरती जागा आहे आपल्याकडे." या युक्तिवादातील त्रुटी मला त्याच क्षणी दिसली होती. मी ती बोलून दाखवली नाही, कारण निवृत्तीला चार महिने उरले होते आणि मला दुसरे काहीही सुचलेले नव्हते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे लोक म्हणतात. आपल्याकडे शेपूट आधी आले आणि हत्ती मागाहून.

शेपटीनंतर दोन्ही पंख त्याच खोलीत, छताच्या त्या कड्यांना टांगून, झाले. धड मावत नाही हे उघड झाल्यावर हवाईपट्टीच्या कडेला हँगर क्रमांक सात भाड्याने घेतला. पंख दारातून निघेनात, तेव्हा गॅलरीचा कठडा कापून ते दोरांनी खाली उतरवले. कठडा परत बसवला आहे. जोड तपासला आहे. टेकून उभे राहण्यास हरकत नाही.

कलम तीन. बँकेतील ठेवी मुलीच्या नावे कराव्यात. कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, याद्या त्यांना टाचलेल्या आहेत. अधिक लिहिण्याचे कारण नाही.

नोकरीतील माझ्या वापराचा पितळी वजनांचा संच, मखमली खाचांच्या पेटीसह, तंत्रशाळेला द्यावा. वजनांना उघड्या बोटांनी हात लावू नये. बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलते. हे तुला मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितले होते आणि तू म्हणाली होतीस, "मग माणसांना कसा हात लावता हो तुम्ही?" त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. नंतर ते राहूनच गेले.

कलम चार. हत्यारे. ड्रिल, पत्रा कापण्याच्या कात्र्या, तात्पुरते चाप (एकूण सहाशे दहा), हवेवर चालणारी रिव्हेट गन आणि पोलादी ठोकळा, हे सर्व मुलीला द्यावे. ठोकळ्याचा उपयोग अनोळखी माणसाला कळणार नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो.

रिव्हेट बसवण्याचे काम दोघांचे असते. एकजण बाहेरून गनने रिव्हेटच्या डोक्यावर मारतो. दुसरा आतून, रिव्हेटच्या शेपटाला, पोलादी ठोकळा दाबून धरतो. मार बसला की शेपूट ठोकळ्यावर चेपले जाऊन बटणासारखे पसरते आणि दोन पत्रे कायमचे एक होतात. ठोकळा जरा कलला, तर शेपूट वाकडे पडते आणि तो रिव्हेट धरत नाही. मारणाऱ्याला आतले काही दिसत नाही. धरणाऱ्याला दिसते किंवा बोटांना कळते. गनचा आवाज कानठळ्या बसवणारा, त्यात कानांवर टोप्या, बोलणे अशक्य. त्यामुळे धरणारा पत्र्यावर ठोकळ्याने टकटक करून निकाल देतो. एक ठोका म्हणजे ठीक. दोन म्हणजे अजून थोडे मारा. तीन म्हणजे बिघडला, थांबा.

तुझे हात लहान आणि शस्त्रक्रियागृहात मुरलेले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ठोकळा तुझ्याकडे आणि गन माझ्याकडे राहिली. विमानात सुमारे अकरा हजार रिव्हेट आहेत. म्हणजे तू मला किमान अकरा हजार वेळा निकाल दिलास. आपले भांडण झालेले असे, त्या दिवशीही काम बंद पडत नसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण केवळ ठोक्यांवर संसार केला आहे. अशा दिवशी तीन ठोक्यांचे प्रमाण वाढत असे, हे मी नोंदवहीवरून पडताळून पाहिले आहे.

कलम पाच. हवेचा कॉम्प्रेसर खालच्या मजल्यावरील बाईंना द्यावा. सात वर्षे त्यांनी या यंत्राविरुद्ध लेखी तक्रारी केल्या. दुपारी दोननंतर आवाज झाला की त्या झाडूच्या दांड्याने खालून छतावर ठोकत. एकदा मी रिव्हेट मारला, आतून तुझा एक ठोका आला आणि लगोलग जमिनीतून तीन. तू कानावरची टोपी काढून म्हणालीस, "घ्या. खालच्यांनी नापास केला." तू इतकी हसलीस की त्या दिवशी पुढे काम झाले नाही. पंख गॅलरीतून उतरवताना मात्र दोराचे दुसरे टोक धरायला माणूस कमी पडला, तेव्हा याच बाई, तोंडाचा पट्टा चालूच ठेवून, पुढे आल्या आणि शेवटपर्यंत त्यांनी दोर सोडला नाही. कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात असला म्हणजे तो पुन्हा सुरू होणार नाही याची त्यांना खात्री राहील.

कलम सहा. तुझ्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, नऊ वर्षांपूर्वी माझा टॉर्क पाना दोन दिवसांसाठी नेला. बोल्ट ठरल्या ताकदीपेक्षा जास्त आवळला जाऊ नये म्हणून हे हत्यार असते. त्याने ते गाडीचे चाक काढायला वापरले. सदर पाना त्याला कायमचा देत आहे, जेणेकरून तो परत करण्याचा मानसिक ताण त्याच्यावर राहू नये. "दाजी, हा पत्र्याचा डबा उडाला तर मी मिशी काढीन," असे त्याने दहा जणांदेखत म्हटले होते. त्या विधानाबाबत माझी काही मागणी नाही. तथापि ते दप्तरी राहावे.

कलम सात. जावयांना चपलांच्या कपाटावरची ती रुपेरी फळी द्यावी. ती फळी नसून विमानाच्या पंखामागचा हलता भाग आहे. असे भाग विमानाला दोन लागतात, एक डावा आणि एक उजवा. आपण दोन्ही डावे बांधले. नकाशा टेबलावर माझ्याकडून उलटा ठेवला गेला होता आणि तीन आठवडे आपल्या दोघांच्याही ते लक्षात आले नाही. तू म्हणालीस, "इतक्या वर्षांत एकदा तरी आपलं एकमत झालं, ते हे." तिसरा बांधावा लागला. जावई प्रथम घरी आले तेव्हा त्यांनी या फळीची फार स्तुती केली होती आणि ती कोणत्या दुकानातून आणली असे विचारले होते. मुलगी मालधक्क्यावर क्रेन चालवते. या गृहस्थाला वस्तूंची नजर नसली तरी तिच्या जेवणाच्या वेळा तो अचूक सांभाळतो. फळी त्यांना शोभेल.

कलम आठ. बांधणीची नोंदवही. विमानाच्या प्रत्येक भागाची, प्रत्येक दिवसाच्या कामाची तारीखवार नोंद या वहीत आहे. वहीशिवाय विमानाला उड्डाणाचा परवाना मिळत नाही. आपला नियम असा होता: रिव्हेटांची रांग पूर्ण झाली की छोटा आरसा आणि दिवा पंखात घालून मागची बाजू पाहायची, आणि मगच वहीत ‘तपासले’ असे लिहून मी सही करायची.

वहीतील आठ ऑगस्टची नोंद खोटी आहे. ती मी केली आहे.

त्या सोमवारी हँगरमध्ये उजव्या पंखाच्या खालच्या बाजूचा, तोवर मुद्दाम उघडा ठेवलेला, शेवटचा पत्रा बसवायचा होता. एक रांग, अडतीस रिव्हेट. तुझी औषधे चालू होऊन पाच महिने झाले होते. तू बसक्या स्टुलावर बसलीस, खांद्यापर्यंत हात पंखात घातलास आणि मान दुसरीकडे वळवलीस, कारण तशीच ती वळवावी लागते. मी पहिला रिव्हेट मारला. आतून तीन ठोके आले. मी गन खाली ठेवली, टोपी काढली आणि म्हणालो, "आज राहू दे. पुन्हा कधीतरी करू." तू म्हणालीस, "पुन्हा एकदा मारा." मी मारला. एक ठोका आला. नंतर उरलेल्या सदतीसही रिव्हेटांना एक-एकच ठोका आला, आणि तो गनचा आवाज थांबताक्षणी येत होता. एरवी तू बोट फिरवून पाहायचीस, त्याला दोन-तीन सेकंद जात. त्या दिवशी ते सेकंद गेले नाहीत. हे माझ्या लक्षात आले होते.

रांग संपल्यावर मी आरसा घातला नाही. वहीत ‘तपासले’ असे लिहून सही केली. तुला आधार देऊन मोटारीपर्यंत नेले. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी न तपासलेल्या तराजूवर शिक्का मारलेला नाही. किराणा दुकानदार, सराफ, कोळशाच्या वखारी, कोणालाही सवलत दिली नाही. त्यापायी दोन बदल्याही सोसल्या. माझ्या हातून झालेली खोटी सही ही एकच. तीन सप्टेंबरला तू गेलीस.

नोव्हेंबरमध्ये विमान तपासनीस आले. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले भिंग असते, म्हणून तू त्यांना ‘भिंगवाले’ म्हणायचीस आणि त्यांनाही ते नाव आवडे. त्यांनी उजव्या पंखात आरसा घातला आणि रांग दोनदा पाहिली. नंतर म्हणाले की अडतीसपैकी एकही धड नाही. काही शेपटे आडवी पडली आहेत, काही पत्र्यात रुतली आहेत. सर्व काढून नवे बसवल्याशिवाय उड्डाणाच्या कागदावर ते सही करणार नाहीत. बाकी विमानाबद्दल त्यांनी जे म्हटले ते स्तुतिपर असल्याने येथे देत नाही.

मी काढण्यास नकार दिला.

कलम नऊ. या कलमाचा मूळ मजकूर पुढीलप्रमाणे होता. तो आता रद्द केला असून त्यावर मी एक रेघ मारून आद्याक्षरे केली आहेत. वकिलांचे म्हणणे, नवा कागद टंकून घ्यावा. परंतु खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, हा आमच्या खात्याचा नियम होता आणि तो योग्य होता.

‘सदर विमान माझ्या पश्चात तंत्रशाळेस प्रदर्शनार्थ द्यावे. इंजिन काढून घ्यावे. विमान कोणीही, केव्हाही उडवू नये. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूचे अडतीस रिव्हेट ही माझ्या पत्नीच्या हातची शेवटची वस्तू असून ते कोणीही, कोणत्याही कारणास्तव, काढू नयेत.’

या मजकुराची कारणे देणे आवश्यक आहे. कपाटातील तुझे कपडे मुलीने आवरले. तुझ्या हस्ताक्षरातील याद्या स्वयंपाकघरात आहेत, परंतु त्या सर्व जुन्या आहेत. आठ ऑगस्टनंतर तुझ्या हातांनी काही केले नाही. ते रिव्हेट चांगले आहेत असे माझे म्हणणे कधीच नव्हते. ते वाईट आहेत, हे मी भिंगवाल्यांच्या आधी जाणत होतो. माझे म्हणणे एवढेच होते की ते राहावेत.

जानेवारीत मुलगी हँगरमध्ये आली. तिच्याकडे दोन वर्षांपासून छोटे विमान चालवण्याचा परवाना आहे, ही गोष्ट मला तेव्हा प्रथम कळली. तुला ती आधीपासून माहीत होती. तू तिच्या शेजारच्या आसनावर बसून तीनदा जाऊनही आली होतीस. बाजारात जाते असे सांगून गेली होतीस. त्या तिन्ही दिवशी तू भाजी आणली होतीस, हे मला आठवते, आणि त्या नियोजनाबद्दल मी तुला दोष देत नाही.

मुलगी म्हणाली, मी काढते, तुम्ही बघूही नका, एका रविवारचं काम आहे. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, आईने हे उडायला बांधलं होतं. मी म्हणालो, वहीत तसा हेतू कोठेही लिहिलेला नाही. तेव्हा तिचा आवाज चढला.

"बाबा, ते छत्तीस रिव्हेट म्हणजे आई नाहीये."

"अडतीस," मी म्हणालो.

तिने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा क्रेनशी बोललेलं बरं. ती निदान वजन झेपत नाही तेव्हा सांगते तरी." आणि निघून गेली. दोन महिने आमचे बोलणे नव्हते. जावई दर शनिवारी फोन करून माझी प्रकृती विचारत आणि पलीकडून तिचा आवाज ऐकू येई: "गोळ्या घेतल्या का विचार." मी घेतल्या असे सांगत असे. त्या घेतलेल्या असत.

कलम दहा. शनिवार, अकरा मार्च रोजी सह्या करण्यासाठी दोन साक्षीदारांना हँगरमध्ये बोलावले: भिंगवाले आणि हँगरांच्या रांगेचे चौकीदार. वकीलही आले, फरशीवरच्या तेलाबद्दल आणि स्वतःच्या बुटांबद्दल त्यांनी नापसंती दर्शवली. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, त्याने फक्त सही होताना पाहायची असते, असे त्यांनी समजावले. चौकीदार म्हणाले, "साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. द्या इकडं पेन." न वाचता कोणी कशावरही सही करू नये, असे मी सांगितले आणि दोघांनाही दस्त वाचायला लावला.

भिंगवाल्यांनी भिंग लावून तो पहिल्यापासून वाचला. सहाव्या कलमाला हसले. नवव्या कलमापाशी थांबले, पेन टेबलावर ठेवले आणि वकिलांना व चौकीदारांना जरा बाहेर उभे राहण्याची विनंती केली. मग मला म्हणाले की ऑगस्टच्या अखेरीस तुझा त्यांना फोन आला होता. उजव्या पंखाचे त्यांना आरशाने कळले नव्हते. कोठे आरसा घालायचा ते त्यांना तू सांगितले होतेस. मी विचारले, हे चार महिने का सांगितले नाही. ते म्हणाले, तुझीच तशी अट होती: मी आपण होऊन रिव्हेट काढले तर काही बोलायचे नाही, अडून बसलो तरच सांगायचे; माझा नकार काही दिवसांत मावळेल असे त्यांना वाटले होते, तो दस्तात उतरलेला त्यांनी आजच पाहिला.

तू जे म्हणालीस ते त्यांनी मला शब्दशः सांगावे, अशी मी विनंती केली. त्यांना ते पाठ होते. ते मी येथे उतरवून घेतो:

"माझ्या बोटांना काही कळेनासं झालंय. पहिला बिघडला, तो मी खरा सांगितला. तर हे म्हणाले, पुन्हा कधीतरी करू. आता पुन्हा कधी ते मला माहीत होतं ना. मग मी एकच ठोकत गेले. मला ती दुपार पाहिजे होती, बाकी काही नाही. दुपार झाली. रिव्हेट सगळे फेकून द्यायचेत. आणि त्यांना म्हणावं, वाईट टाका तुम्ही ठेवलात तर मी घरी येणार नाही."

शेवटच्या वाक्याचा संदर्भ भिंगवाल्यांना माहीत नव्हता. तो असा की, शस्त्रक्रियागृहात कोणाचा टाका वाईट पडला तर तो उसवून पुन्हा घातल्याशिवाय तू घरी येत नसायचीस, मग डॉक्टर कितीही मोठा असो. कित्येकदा मी जेवणासाठी थांबलो आहे.

मी नववे कलम पुन्हा एकदा वाचले. नंतर वकिलांना आत बोलावून सह्या आज होणार नाहीत असे कळवले. त्यांनी बुटांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मुलीला फोन केला. ती पाळीवर होती. मागे लोखंडाचा आवाज येत होता. रिव्हेट काढायला घेत आहे असे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, थांबा, मी सुटले की येते. एकटे करू नका."

मी म्हणालो, "काढायचं काम एकट्याचंच असतं. बसवायला ये."

पलीकडे तिने क्रेन थांबवली. मग म्हणाली, "गोळ्या घेऊन जा बरोबर."

अकरा वाजता सुरुवात केली, सव्वाला काम संपले. प्रत्येक रिव्हेटचे डोके ड्रिलने काढून उरलेला भाग आत पाडला आणि चुंबकाला ॲल्युमिनियम चिकटत नसल्याने एकेक चिमट्याने वेचला. पंखात सुटा तुकडा राहिला तर तो हवेत असताना कोठेही अडकू शकतो. अडतीस शेपटे, अडतीस डोकी. सर्व कचऱ्याच्या डब्यात टाकली. एकही ठेवले नाही. भोके तपासली, दोन किंचित मोठी झाली आहेत, तेथे जाड रिव्हेट लागतील. आरसा घालून पाहिले. मग वहीत लिहिले: ‘आठ ऑगस्टची तपासणीची नोंद खोटी. त्या रांगेतील सर्व रिव्हेट आज काढले. पुढील काम मुलगी व मी.’ आणि सही केली.

सबब कलम नऊ रद्द. त्याऐवजी दुसरे काही लिहिण्याचे कारण उरलेले नाही. माझ्या पश्चात विमान मुलीला मिळावे असे लिहिले, तर तिला ते मिळण्यासाठी मला मरावे लागेल आणि तोवर ते जमिनीवर उभे राहील. हे मला गैरसोयीचे वाटते. म्हणून आजच स्वतंत्र बक्षीसपत्राने विमान, इंजिन, नोंदवही आणि हँगरच्या भाडेकराराचे हक्क मी मुलीला दिले आहेत. कोणतीही अट घातलेली नाही. विमान केव्हा उडवायचे, कोठे न्यायचे, शेजारच्या आसनावर कोणाला बसवायचे, हे तिचे तिने ठरवावे. परिणामी सदर विमान माझ्या मालमत्तेच्या यादीतून कमी करण्यात येत आहे आणि या मृत्युपत्राचा त्याच्याशी यापुढे संबंध नाही.

कलम अकरा. या दस्ताची अंमलबजावणी मुलीने करावी. वकिलांना बुटांची एक जोडी माझ्या खर्चाने घेऊन द्यावी.

वरील अकरा कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली आणि दोन्ही साक्षीदारांना वाचायला लावली. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त वजनमापे निरीक्षक

साक्षीदार पहिला: (सही) विमान तपासनीस, उर्फ भिंगवाले
साक्षीदार दुसरा: (सही) चौकीदार, हँगरांची पश्चिमेकडील रांग. ‘सर्व वाचले’ असे स्वहस्ते लिहिले आहे.

ठिकाण: हँगर क्रमांक सात
दिनांक: मंगळवार, १४ मार्च २०२३, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे

टीप. सह्या झाल्यावर मुलगी पाळीवरून थेट आली. पंखाखाली वाकून तिने भोकांच्या रांगेवरून बोट फिरवले आणि शनिवारी सकाळी आठ ही वेळ ठरवली. नऊ चालेल का असे मी विचारले. ती नाही म्हणाली. दिवे मालवले. दरवाजाला कुलूप मी लावले, कारण ते जरा उचलून दाबावे लागते. कसे, ते तिला दाखवले. जानेवारीत तिच्याकडून मागून घेतलेली किल्ली तिला परत केली आणि माझीही तिच्याकडे दिली. यापुढे मला आत यायचे झाल्यास मी तिला विचारीन.